विषय क्रमांक चौदा

विषय क्रमांक बारा : मंडईतल्या ओट्यांचं भाडं. मंजूर.
विषय क्रमांक तेरा : मोकाट डुकरं.
चर्चा झाली, पुढल्या सभेत घ्यावे.
विषय क्रमांक चौदा :
प्रभाग सहामधलं देशी दारूचं दुकान,
येत्या रविवारी बायांचं मतदान,
बाटली उभी की आडवी,
आणि यावर नगरपालिकेचं म्हणणं काय.

म्हणणं काय, असं विचारल्यावर
दोंडाईच्याच्या त्या सभागृहात
पंख्याचा आवाज पहिल्यांदा ऐकू आला.
खिडकीतून मिरचीचा खाट येत होता.
कुणी शिंकलं. ते मी लिहिलं नाही.

बारा वर्षं इतिवृत्त लिहिते आहे.
माणसं बोलतात ते नाही,
बोलली असं ठरतं ते.

गिरासे म्हणाले, दुकान बंद झालं
तर पिणारा बायपासच्या ढाब्यावर जाईल,
रात्रीचा, फटफटीवर,
आणि ट्रकखाली गेला तर त्याची बाई
कुणाकडे बघून रडेल, ते सांगा.
हे खोटं नव्हतं.
मला ते खोटं असतं तर बरं वाटलं असतं.

पिंजारी म्हणाले, आपण गटारीपुरते.
सुनंदाताई उठल्या.
मागच्या खुर्चीवरून त्यांचे यजमान खोकले.
सुनंदाताई बसल्या.
मी लिहिलं : मा. सदस्या यांनी चर्चेत भाग घेतला.

मग भामरे आप्पांनी टेबलावरची पाण्याची बाटली उचलली.
ही उभी, म्हणजे दुकान चालू.
ही आडवी, म्हणजे...
झाकण सैल होतं.
पाणी थेट माझ्या रजिस्टरवर.
चौदा निळा झाला, फुगला,
वर सरकत तेराच्या डुकरांपर्यंत गेला.
सगळे हसले, विरोधी बाकंसुद्धा.
सुपडू शिपाई फडकं घेऊन आला,
त्याने खाली बघत पुसलं.
तो प्रभाग सहाचा.

सह्यांच्या पडताळणीला मलाच धाडलं होतं.
नऊशे चाळीस नावं, शाळेच्या पडवीत,
एकेकीला विचारायचं, ही सही तुमचीच का.
कौतिकबाई म्हणाली,
'मन्हीच शे ताई, हात थरथरस,
म्हनीसन वाकडी उनी.'
मी तिच्या नावापुढे खूण केली
आणि उगाच दोनदा गिरवली.

साडेपाचला ठरलं :
नगरपालिका तटस्थ राहील.
बाकं वाजली.
कायद्यात एक कलम आहे, कुणी ते वाचलं नाही :
यादीतल्या निम्म्याहून जास्त बायांनी
आडवीवर शिक्का मारायला हवा.
आलेल्यांतल्या निम्म्या नव्हे, यादीतल्या.
म्हणजे जी सुरतेला गेली ती उभीकडे,
जी कापूस वेचायला गेली ती उभीकडे,
जिला घरातून कडी लागली ती,
मेली पण नाव खोडायचं राहिलं ती,
सगळ्या उभीकडे.
तटस्थ. शब्द चांगला आहे, शाईत छान बसतो.
तटावर थांबलेला.
उभा.

चहा झाला. बिस्किटांचा पुडा संपला.
गिरासेंनी जाता जाता विचारलं,
बाई, माझं ट्रकचं घेतलं ना?
घेतलं, म्हटलं. घेतलं होतं.

दिवे मालवताना सुपडू घुटमळला.
'ताई, मन्ही माय चालू शकत नही.
रिक्षा लाऊ का रविवारनी?'
लाव, म्हटलं.
किल्ल्या खणात टाकल्या, रजिस्टर उघडंच ठेवलं,
ओलं पान मिटलं तर चिकटतं.

जिन्यात आठवलं, तशी वर बघून हाक मारली,
सुपडू, आठ वाजता ये.
सहाशे अकरावं नाव माझं आहे.