सदतीस अंश

मिरजेहून पेटी आली तेव्हा रात्रीचे एक चाळीस.
बर्फाचं पाणी जिनाभर ठिबकलेलं.
ड्रायव्हर बाबासो म्हणाला, सही कुठं करू?
आणि सही करता करता, मान वर न करता,
तिथं एक बाई म्हणत हुती,
आमच्या दाद्याला गारठा सोसत न्हाई.

मी काही बोललो नाही.
काचेच्या घुमटाखाली ठेवली दोन्ही फुप्फुसं,
नळ्या जोडल्या, चिमटे सोडले,
पंप लावला, अगदी मंद.
पंपाचा आवाज आमच्या घराला नवा नाही.
वडील उद्यमनगरात पंपाच्या बॉड्या ओतायचे.
साच्याची वाळू छातीत बसली ती बसलीच;
शेवटी शेवटी वाक्य अर्ध्यावर सोडून
उरलेलं हातानं सांगायचे.

पंचवीस. तीस.
बत्तिसाला पहिला श्वास द्यायचा, असा नियम आहे.
दिला.
आणि छाती नसलेली, नाव नसलेली ती जोडी
काहिलीत रस चढावा तशी चढली,
काठापर्यंत,
मग बसली.

कागदावर: पुरुष, एकतीस, ओ पॉझिटिव्ह, विडी-सिगारेट नाही.
पण डाव्या पाळीवर काळे ठिपके, तिळाएवढे.
नारदे मॅडम म्हणाल्या, धूर आहे, चालेल.
मी धूर ओळखला. चिपाडाचा.
म्हणजे गुऱ्हाळावरचा जळव्या असणार,
चुलवाणापुढं बसून हंगामभर
आगीला घास भरवणारा.
त्याला गारठा कसा सोसावा?

ओली आहेत, नकोत, असं कुणीतरी म्हटलं होतं.
तासातासाला पाणी उतरत गेलं.
ऑक्सिजन तीनशे दहा. तीनशे साठ.
पहाटे चारशे चार.
गंगावेशीत म्हशी येऊन उभ्या राहिल्या असतील,
पेल्यातलं धारोष्ण दूधही एवढंच ऊन असतं.

खालच्या मजल्यावर शिरोलीचा एक मोल्डर जागा आहे.
तोही वाक्यं हातानंच पुरी करतो.
मघाशी त्यानं पंजा हवेत फिरवून विचारलं,
मी एक बोट दाखवलं. तास.

आता पुन्हा गार करायचं. हाही नियमच.
पंप थांबवण्याआधी
मी घुमटावर तळवा ठेवला, उगाच,
कुणी बघत नाही ना हे बघून.
मग बर्फ मागवला.

ताई,
एवढा जिना उतरेपर्यंतच.