नंबर प्लीज

सकाळी सातला रात्रपाळीच्या मुलींनी
हेडफोन काढून हुकाला अडकवले,
केसांच्या पिना सारख्या केल्या,
आणि दिवसपाळीच्या मुली आल्याच नाहीत.
बस, एवढंच झालं.
संपाची वेळ ठरली होती अकराची.
चार तास आधीच विनिपेग मुकं झालं.
साल एकोणीसशे एकोणीस, मे महिना,
नदीवरचं बर्फ नुकतंच सरलेलं.

ओरिस्या हावरिलुक, खुर्ची एकोणतीस,
हिने दारातून एकदा मागे पाहिलं.
फळ्यावर दिवे लागत होते एकेक:
गव्हाचा दलाल, बाळंतपणाचा डॉक्टर,
नदीपलीकडच्या बंगल्यातली ती बाई
जिला रोज सव्वासातला बहिणीशी भांडायचं असतं.
ओरिस्याची बोटं आपोआप वळवळली.
सवय काही संपावर जात नाही.

दोन वर्षं तिने हे शहर शिवलं होतं,
वायर या भोकातून त्या भोकात.
अख्ख्या प्रेअरीचा गहू तिच्या मनगटावरून विकला गेला,
साखरपुडे मोडले, माणसं गेल्याचे निरोप गेले,
आणि तिला कुणी नाव विचारलं नाही.
नंबर प्लीज म्हणायचं. थँक यू म्हणायचं.
खोकायचं नाही.
युक्रेनचा हेल कोटाबरोबर खुंटीला टांगून यायचं.
पगारात बूट व्हायचे किंवा दात,
दोन्ही एका वर्षात नाही.

अकराला बाकीचे उतरले.
भट्टीवाले, ट्रामवाले, शिंपी, पाववाले,
पोस्टाच्या पिशव्या जिथल्या तिथे,
आणि युद्धावरून आलेली पोरं,
ज्यांना सांगितलं होतं की परत आलात की सगळं मिळेल.

मग काही दिवसांनी दुधाची गाडी फिरली.
तिच्यावर पुठ्ठा: संप समितीच्या परवानगीने.
मोठ्या घरांना दूध चालत होतं,
पुठ्ठा चालत नव्हता.
परवानगी? आणि यांची?
घोड्याला यातलं काही ठाऊक नव्हतं.
तो आपला नेहमीच्या दाराशी थांबत होता,
बंद दाराशी सुद्धा.

तिसऱ्या आठवड्यात गुडनी परत कामावर गेली.
खुर्ची तीस. आइसलँडची. हिच्याच डब्यातलं खाणारी.
भावाची फुप्फुसं गॅसने जळलेली, औषध उधार मिळेना.
बायका तिच्या अंगणात थुंकून आल्या.
ओरिस्या थुंकली नाही.
पण रात्री गुडनीने दार वाजवलं
तेव्हा उठलीही नाही.

जूनच्या एका शनिवारी घोडेस्वार आले.
ट्राम पेटली. गोळ्या झाल्या.
सगळ्या शहराचं ऐकणारी ती
तळघरात भिंतीला कान लावून बसली होती,
आणि पहिल्यांदाच तिला
कोण कुणाशी बोलतंय ते कळेना.

माझ्या भाषेत संप आणि संपणं
इतके शेजारी राहतात
की एकाचं पत्र दुसऱ्याच्या घरात पडतं.
सहा आठवड्यांनी संप संपला, असं मी लिहिते,
आणि वाक्य आतून हसतं.

परत घ्यायला तयार होते.
फक्त एका कागदावर सही:
पुन्हा कधी नाही.
ओरिस्याने टाक शाईत बुडवला, निथळू दिला,
तसाच ठेवून लाँड्रीत लागली.
वाफ, सोडा, साहेबांच्या कॉलरी.
तिथे खोकायला बंदी नव्हती.

पुढे डायलचे फोन आले.
मधे बाई लागेना, कुणाचा हेल लागेना.
शेजाऱ्यांकडे पहिल्यांदा रिसीव्हर उचलला तिने
तर नुसताच एक लांबलचक सूर, कुणाचाच नाही.
नंबर तिला हजारो पाठ होते.
बोटांनी एक फिरवला.

पलीकडे वाजलं. उचललं गेलं.
हॅलो? म्हातारा झालेला तोच आवाज.
काय बोलावं, ठरवून आली नव्हती.
जिभेवर जे होतं तेच आलं:
नंबर प्लीज.

बराच वेळ कुणी बोललं नाही.
श्वास ऐकू येत होता.
कुणी ठेवलाही नाही.