सापडली का

नाना उठले की पाय टेकण्याआधी
वाकून जमिनीची क्षमा मागत.
जमीन म्हणजे सुदामा नगरातल्या तिसऱ्या मजल्यावरची
करड्या ठिपक्यांची फरशी.
लहानपणी मी हिशेब करायचे :
ही क्षमा आधी डोंगऱ्यांच्या छताला लागणार,
मग त्यांच्या पंख्याला,
मग तळमजल्यावर कासलीवालांच्या लोणच्याच्या बरण्यांना,
मग बोअरिंगच्या पाइपाला.
मातीपर्यंत पोचेस्तोवर
तिच्यात क्षमेचं काय उरत असेल?

नोकरी सोडताना हे आईला सांगितलं नाही.
बारा वर्षं बँकेत खसरे तपासले,
जमिनींचे नंबर पाठ,
वास एकीचाही नाही.
आई म्हणाली, "बाप देवळात, लेक वावरात,
आणि सिलिंडर काय दत्तगुरू आणणार?"
तरी निघताना पिशवीत जिरावणाची बाटली होती,
झाकणाला दोनदा प्लास्टिक गुंडाळलेली.

सांवेरच्या पुढे, क्षिप्रेच्या अलीकडे
रामकन्याबाईचे साडेतीन बिघे.
पहिले चार महिने तिनं माझ्या हातात बी दिलं नाही.
"पेलां देख."
पाणी कुठं थांबतं, कुठून निघून जातं.
मुंग्या बिळाचं तोंड कुणीकडे ठेवतात.
लसणाच्या वाफ्यात गांडूळ दिसलं
तर मोजायचं नाही, झाकायचं.

मग एका सकाळी म्हणाली, "बक्खर लगा."
माझ्या मराठी कानाला बखर म्हणजे
राजेरजवाड्यांची हकीकत, मोडीतली.
इथं ती बाभळीची, खाली लोखंडी पास,
बैलांमागून बोटभर खोल जाणारी.
आणि तिच्यामागं वर येत होतं
एक खापर,
युरियाच्या पोत्याचा दोरा,
कुणाची तरी हिरवी बांगडी, अर्धी.
म्हणजे हकीकतच.

वैशाखात नाना आले.
पळीपंचपात्र घेऊन, गुडघ्याला पट्टा बांधून.
शेत बघितलं आणि "हो, हो" म्हणाले,
माझ्या प्रगतिपुस्तकाला म्हणायचे तसं.
रात्री अंगणात नाही, बांधाशीच खाट टाकायला लावली.
पहाटे सवयीनं वाकले,
सवयीनं हात खाली नेला,
आणि फरशी नव्हती.
हात मनगटापर्यंत भेगेत गेला.

बाहेर आला तेव्हा
बोटात आजोबांची चांदीची अंगठी नव्हती.

मी बॅटरी आणली, तार वाकवली.
रामकन्याबाईनं तार काढून घेतली.
"निकलेगी, काकासाब. काळी माटी है,
खुद को खुद पलटे."
"कब?" नानांनी विचारलं.
तिनं जमिनीकडे हात केला.
"इनी से पूछो."

आषाढात भेगा मिटल्या.
आम्ही ज्वारी पेरली, मधे तूर.
नाना आता दर गुरुवारी आरतीनंतर फोन करतात.
शेताचं एक अक्षर नाही, पैशांचंही नाही.
"सापडली का?"
मी सांगते, नाही,
पण पश्चिमेच्या कोपऱ्यात यंदा पाणी तुंबलं नाही.
नाही,
पण तुरीच्या मुळांवर गाठी आल्यात,
फोडली की आत गुलाबी.
नाही,
पण शेण घातलेल्या पट्टीत
ढेकूळ मुठीत नुसतं दाबलं तरी सुटतं.
ते "बरं" म्हणतात. फोन ठेवत नाहीत.
मागून आई : जिरावण संपलं का विचारा.

एकदा मीच विचारलं,
नाना, सकाळी अजून फरशीला हात लावता?
"लावतो.
पण आता जरा दाबून."

परवा पासेला काहीतरी खण्ण वाजलं.
बैल थांबवले, गुडघ्यांवर बसले, उकरलं.
सोड्याच्या बाटलीचं बूच.
पुसून खिशात ठेवलं.
गुरुवार अजून दोन दिवस लांब आहे.