सातव्या चौकटीतला

जालन्याच्या एमआयडीसीत, वजनकाट्यावर
माझी रात्रपाळी.
ट्रक चढतो, आकडा थरथरतो, थांबतो,
मी पावती फाडतो.
मधल्या वेळात बाद पावत्यांच्या पाठीवर
एरीस काढतो.

ग्रीकांचा युद्धदेव. भंगारातून आला.
म्हणजे खरंच, कंटेनर उघडला तेव्हा
चेपलेल्या रेडिएटरांखाली
कुठल्यातरी लढाईतलं शिरस्त्राण होतं,
कानापाशी भोक पडलेलं.
नय्यूमभाई म्हणाला, घे की, सव्वा किलोबी भरायचं नाही.
आता त्यात माझी पेनं असतात.

पहिल्या अंकात तो कंटेनरातून उतरतो.
तेरा महिने आत होता.
मागं एकदा दोन दांडग्या पोरांनी त्याला
पितळी रांजणात कोंडलं होतं, तेव्हाही तेराच.
अंगाला गंजाचा वास. पहिला फुगा:
“इथं लढाई कुठंय?”
वॉचमन: “दोन नंबर गेटला इच्यारा.”

दुसऱ्या अंकात तो कामाला लागतो.
भट्टीवरचा लंगडा फोरमन त्याला ओळखतो.
जुनं प्रकरण, बायकोवरून,
पलंगावर दोघांना जाळ्यात धरलं होतं यानंच.
पण हजेरी मांडतो. माणसं कमी आहेत.
मग रणगाड्यांचे पत्रे, तोफांच्या नळ्या
एरीस आपल्या हातानं भट्टीत ढकलतो
आणि दुसऱ्या टोकाला बारा एमएमची सळई निघते,
कुणाच्यातरी संडासाच्या स्लॅबची.
त्याचा चेहरा मला काढता येईना.
मी तिथं नुसती काळी शाई ओतली.

भामाताईनं ती पानं डबा देता देता पाहिली.
अंबडला अंगणवाडीत शिकवते, चित्रं बघायची सवय आहे तिला.
म्हणाली, दंड बारीक झालेत. कोण हा?
मी म्हणालो, युद्धाचा देव.
त्याचाच ग्रह तो, आपल्याकडं मंगळ म्हणतात.

डब्याचं झाकण तिच्या हातातच राहिलं.

परतूरचा जोशी, पिवळी पडलेली पत्रिका,
मागीलदारी मी खिसत बसलेलं खोबरं,
एकोणीस वेळा पोहे.
एकोणीस मी मोजले होते,
ताईनं कधी आकडा सांगितला नाही.

तिनं बोट ठेवून चौकटी मोजल्या.
बारा का रे?
पानावर बाराच बसतात, मी म्हणालो.
मग हा सातवीत का उभा?

देवाशपथ, माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

ताई म्हणाली, याचं वजन कर.
म्हटलं, ताई, हा काटा ट्रकांचा,
दहा किलोच्या खालचं त्याला दिसत नाही.
ती ऐकायला थांबलीच नव्हती.
पान हातात धरून चपलेसकट
लोखंडी पाट्यावर मधोमध जाऊन उभी राहिली,
हॅलोजनच्या उजेडात, पदर खोचून.
आकडा थरथरला. साठ.
पान खाली उतरून ठेवून आली, पुन्हा चढली.
साठ.
मागं एक ट्रक हॉर्न देऊ लागला होता.
तिनं त्याला हातानंच दम धरायला सांगितलं.

मी पावती केली.
गाडी नंबर: रेघ मारली.
माल: मंगळ.
भरलेलं वजन साठ, रिकामं साठ.
निव्वळ शून्य.
खाली सही, वेळ, बारा वाजून दहा.

ती हसेल असं मला वाटलं होतं.
तिनं पावती चष्म्याजवळ नेऊन दोनदा वाचली,
शिक्का कुठाय म्हणाली.
मी शिक्का मारला.

वजनाचे पन्नास होतात.
तिनं कमरेच्या पिशवीतून काढून दिले.
मी घेतले.