झगा हलता कामा नये

पायऱ्या उतरतानाच कळतं मला
कोण आयुष्यभर नाचलेलं आहे.
खाणकामगार कठडा धरतो,
शाळेतल्या बाई आधी पायरी बघतात,
नाचणारी कशालाच धरत नाही.
मान ताठ, नजर समोरच्या फरशीवर,
उजवा पाय तेवढा
उसना आणलेल्या भांड्यासारखा
जपून खाली ठेवते.

दारेजान कुताईसीहून येते, दर मंगळवारी.
त्यांच्या नाचात बाई चालत नाही, वाहते.
पायघोळ झग्याखाली पावलं मुंगीएवढी,
वर काही हलता कामा नये,
झग्याची कड नाही, वेण्या नाहीत, कानातलं नाही.
बघणाऱ्याला वाटतं, हिला सांधेच नसावेत.

सांधे होते. डॉक्टर ओतारींनी
फिल्म खिडकीला धरून दाखवले.
खुब्याची वाटी काठाशी उसवलेली,
कमरेचा शेवटचा मणका पुढे सरकलेला,
रांग मोडून कुणी हळूच पाऊल टाकावं तसा.
कधीपासून दुखतंय?
बाकूच्या दौऱ्यापासून, ती म्हणाली.
मग म्हणाली, नाही, आधीपासून.
सोळाव्या वर्षी
चांदीचा कमरपट्टा पहिल्यांदा आवळला, तेव्हापासून.
बाईंनी बजावलं होतं,
दुखणं पट्ट्याच्या वर चढू द्यायचं नाही.
नाही चढलं.
अठरा वर्षं खालीच राहिलं, भाडं न देता.

त्स्कालतुबोचं पाणी अंगाइतकंच कोमट.
पंधरा मिनिटं, घड्याळ लावून, जास्त नाही.
मी तिला हात धरून आत सोडते.
पाणी छातीशी आलं की
तिचं वजन कुठेतरी निघून जातं
आणि तो घडवलेला चेहरा
एकेक टाका सुटत जातो.
तोंड वाकडं करते. शिवी हासडते.
मी टॉवेलांच्या घड्या घालत राहते,
ऐकूच आलं नाही असं.

काल तळाला पाय टेकून ती चालली
या काठापासून त्या काठापर्यंत.
खांदे स्थिर, हात किंचित उघडे.
वळून विचारलं,
बघितलंस? पाणी हललं का?

हललं होतं.
पार भिंतीवर जाऊन आपटलं होतं.
नाही, मी म्हटलं.
खोटारडी, ती म्हणाली,
आमच्या बाईंनी तुला दारातसुद्धा उभं केलं नसतं.
आणि इतकी हसली की कमरेत कळ आली,
तशीच धरून राहिली काठ,
दोन्ही हातांनी.

पंधरा मिनिटं झाली.
सात पायऱ्या वर.
डावा आधी. मग उजवा.