दुसरी पलटण

पहिली कधी उभीच राहिली नाही,
तरी कागदावर हिचं नाव दुसरी.
कोकण किनारा राखीव पायदळ, राजीखुशीचे शिपाई.
माझ्या पणजाच्या वहीत
ती सव्वादोन पानं टिकली.

इसूब खलफे, हर्णै बंदर. शिवणार.
सतरा साली, नारळी पुनवेनंतरच्या पहिल्या आगबोटीने
खाकीचे तागे आले,
पडावातून खांद्यावर, खांद्यावरून ओटीवर.
एकशे चौऱ्याऐंशी कोट. बटणं सरकारी.
नावापुढे छाती, मग बाही:
धोंडू पावसे, चौतीस.
एलोजी दिवेकर, छत्तीस, डावा खांदा उतरता.
भिकाजी गमरे, एकतीस;
श्वास भरून तेहतीस.
डॉक्टरसाहेबांना तेहतीसच हवी होती.
पणजाने तो भरलेला श्वास बेतला.

कवायत ओहोटीला. भरती आली की सुट्टी.
बंदुका चाळीस, बाकीच्यांच्या हातात सुरूचे दांडके.
शत्रू पश्चिमेकडून येणार होता.
एका अवसेला आलाही:
पाण्यावर दिवा हलला, शीळ ऐकू आली,
पलटण वाळूत पालथी पडली,
आणि धोंडूचा सख्खा चुलता होडीतून ओरडला,
मेल्यांनो, जाळ्यावर झोपलात की रे!
एवढीच लढाई. सरकारदरबारी तिची नोंद नसेल.
वहीत आहे: कोपरं फाटलेली, बावीस.

मग तापाची साथ.
गोळी न लागता नऊ कोट रिकामे झाले.
घरच्यांनी ते धुऊन, घडी घालून आणून दिले.

एकोणिसाच्या वैशाखात हुकूम आला:
पलटण मोडली, कपडे जमा करा.
शिलाईचं येणं एकशे बारा रुपये सहा आणे.
ते अजून येणंच आहे.

वहीत नाही ते बंदरावर ऐकलं.
खाकी अंगात असताना भिकाजी
वरच्या आळीतून जायचा, पायांत वहाणा ठेवून.
पावणेदोन वर्षं कोणी काही बोललं नाही.
हुकमाच्या दुसऱ्या दिवशी बोलले.

पलटणीच्या हिशेबाची शेवटची ओळ:
एकशे त्र्याऐंशी जमा.
गमरे, एक. खाडीत वाहून गेला.

आणि चार पानं सोडून, साल न घालता,
तेलाच्या डागाला वळसा देत
त्याच बारीक अक्षरात:
गमरे. जुना कोट. तेहतीसचा एकतीस करू का, विचारलं.
नको म्हणाला.
बटणं बदलली.

मजुरीच्या रकान्यात नुसती रेघ.