डावा हात

खानापुरात, वाचनालयाच्या माडीवर, रविवारी
आम्ही आठजणी आणि लॅपटॉप पाच.
त्यातल्या एकाचा 'ळ' चालत नाही.
रेश्मा सनदी शेजारणीकडून 'ळ' उसना आणते,
दर ओळीला एकदा, वाटीभर साखर मागावी तसा.

भिंतीवर मोठा कागद:
ज्ञानकोशात नसलेल्या बायका.
तेवीस नावं.
गोकाकची लाकडी फळं रंगवणारी,
पारिजाताच्या खेळात पहाटेपर्यंत गाणारी,
खासबागेत लुगड्यांच्या काठांचे नमुने
चौकटींच्या वहीत मांडून ठेवणारी.
माझ्या वाट्याला आली भागीरथी हलगेकर.
पाट्या रंगवायची.

जन्म? चौकट विचारते.
पुतण्या फोनवर सांगतो,
मलप्रभेला पूर आला त्याच्या आदल्या साली.
कुठला पूर?
मोठा.

काकी काय, नुसते डबे धरायची हो,
आर्टिस्ट आमचे काका.
आणि खरंच, जुन्या प्रत्येक फोटोत
पाटीच्या कोपऱ्यात सही:
आर्टिस्ट यल्लाप्पा.

बाजूला शिवगंगा हुक्केरी
हीच बाई कन्नडमध्ये लिहीत होती.
तिला सापडलं एक जुनं कात्रण:
भाताच्या गिरणीची पाटी, दोन्ही भाषांतली,
अर्ध्यावर डांबर फासलेलं.
कुठली अर्धी, ते दोघींनाही दिसत होतं.
बोललो नाही आम्ही त्यावर.
तिनं चित्र मोठं केलं, आणखी मोठं,
अक्षरांचे काठ दिसेपर्यंत.
"अक्का, हे शेपूट बघा."
'र'चं शेपूट जिथं संपायचं तिथून सुरू झालेलं.
तिच्या गोल अक्षरांतही तोच उलटा फटकारा.
कुंचला डावा होता.

यल्लाप्पांचा लग्नातला फोटो मागवला.
विडी उजव्या हातात.

टाळी वाजली माडीवर. मग कोणीतरी नियम वाचला:
स्वतः शोधलेलं चालत नाही,
दुसऱ्यानं छापलेलं पाहिजे.
म्हणजे डोळ्यांनी पाहिलं ते कच्चं,
आणि कुणी छापलंच नसेल तर?
चहा आला. गार झाला.
चारच्या सुमाराला शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत
पान सत्तेचाळीसवर, खताच्या जाहिरातीखाली मिळालं
बारीक टायपात:
फलकलेखन, सौ. भा. य. हलगेकर.
संदर्भ क्रमांक एक.
मी दोनदा तपासलं, मग रडू आलं, मग हसू.
खत कुठलं होतं तेही आता मला पाठ आहे.

आणि नंदगडच्या बसनं ती आलीच.
पुतण्यानं सांगितलं असणार.
जिना चढून दम खाल्ला, पडद्यासमोर वाकली.
"काय लिवलालीस गे माझ्यावर?"
चार ओळी वाचून दाखवल्या.
"सरळ हाय दांडी. खरं जीव न्हाई."
ती अक्षरांबद्दल बोलत होती, मजकुराबद्दल नाही.

मग विचारलं, हे कुणालाबी पुसता येतंय?
होय आजी. कुणालाही.
"डांबर लागत न्हाई?"
नाही.
"मग सोपं हाय की.
आमाला आठवडा लागायचा खरवडायला.
रातीचं करायचं, कंदील धरून.
कधी हे फासायचे, कधी ते.
पगार एकाच गिरणीचा."

फोटोला तोंड द्यायला तयार होईना.
म्हातारं तोंड कशाला जगाला?
मग हात टेबलावर ठेवला, पालथा.
नखांच्या कडेला निळं काहीतरी होतं,
रंग असेल, शीर असेल, मी विचारलं नाही.
रेश्मानं फोटो चढवला. शिवगंगानं तोच तिकडे लावला.
खाली लिहायचं होतं: कलावंताचा डावा हात.

'ळ' नव्हता त्या ओळीत.
तरी रेश्मा सवयीनं शेजारी वळली.
लेखाच्या डोक्यावर पिवळी पट्टी आली आहे:
आणखी संदर्भ हवेत.
आजी पावणेसहाच्या बसला गेली.